शाळेत छिन्नी-हातोडी : दगडावरचं कोरीव काम मुलांना शिकवायचं, तर आधी काय सांभाळायचं?

कर्नाटकातल्या शाळांत महिन्याचा तिसरा शनिवार 'संभ्रम शनिवार' म्हणून पाळला जातो. मराठी माणसाला नाव ऐकून हसू येतं, पण कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे उत्सव, आनंद. त्या दिवशी दप्तर नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत त्यांनी गावातल्या सुतार, कुंभार, कलाकारांकडे जाऊन काम पाहावं, करावं, असं म्हटलं आहे.

दिवस मिळाले, आता त्या दिवसांत करायचं काय? बऱ्याच शाळांत चित्रकला, कागदकाम आणि मातीकाम यावर गाडी थांबते. दगडाचं नाव निघालं की मुख्याध्यापक मान हलवतात. "पोराच्या बोटावर हातोडी बसली तर जबाबदार कोण?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

पण बोटापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. तो दिसत नाही, दुखत नाही आणि लगेच कळतही नाही. तो म्हणजे दगडाची धूळ. धुळीचा बंदोबस्त आधी केला, तर शाळेत दगड कोरायला शिकवता येतं आणि शिकवावंही. तो करता येत नसेल तर साबण आणि माती यांवरच थांबलेलं बरं. हे सगळं नीट समजून घेऊ.

आपल्या पायाखाली कोणकोणता दगड आहे?

बेळगाव जिल्हा या बाबतीत श्रीमंत आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, दक्षिणेकडे साधारण इथपर्यंत येऊन संपतो. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गच्या बाजूला वालुकाश्म आणि त्याच्याच जातीचे टणक दगड लागतात. खानापूरकडे गेलं की आणखी जुने, थराथरांचे खडक दिसतात. आणि चंदगडपासून गोवा-कोकणापर्यंत जांभा, ज्याचे चिरे काढून घरं बांधली जातात.

प्रत्येक दगडाचा स्वभाव वेगळा, म्हणून त्यावरचं कामही वेगळं. वेरूळ-अजिंठ्याची लेणी काळ्या पाषाणात खोदलेली आहेत. बदामी, ऐहोळे, पट्टदकलचं काम वालुकाश्मात आहे. पुढे गदगजवळच्या लक्कुंडीसारख्या ठिकाणी कारागिरांनी हिरवट काळा मऊ दगड निवडला आणि खांबावरची नक्षी एकदम बारीक झाली. कारागिरांची बोटं बदलली नव्हती, त्यांच्या हातातला दगड बदलला होता.

जांभ्यावर अशी नक्षी टिकत नाही, कारण त्याला भोकं असतात. तो जमिनीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. पण मोठी, ठळक रेघ त्यावर हजारो वर्षं राहते. गोव्यात कुशावती नदीकाठचं उसगाळीमळ आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं पाहिलीत तर हे पटेल.

म्हणजे पहिला तास वर्गाबाहेरच घेता येतो. मुलांना गावातली वीरगळ, देवळाची पायरी, विहिरीचा काठ, जुन्या घराचं जोतं आणि आजीच्या घरातला पाटा-वरवंटा दाखवा. हा दगड कुठला, यावर छिन्नीच्या खुणा कुठे दिसतात, त्या एका दिशेला आहेत की उलटसुलट, असं विचारा. जुन्या शिळेच्या कडेला ओळीनं चौकोनी खाचा दिसल्या तर त्या बहुतेक पाचरी ठोकून दगड फोडल्याच्या खुणा असतात. हे एकदा डोळ्याला कळलं की मूल देऊळ वेगळ्या नजरेनं पाहतं.

इथंच एक गोष्ट ठणकावून सांगायची. वीरगळ, सतीशिळा, देवळाचे खांब, शिलालेख यांवर छिन्नी तर नाहीच, पण खडू, तेल, रंगसुद्धा लावायचा नाही. पाहायचं, मोजायचं, वहीत काढायचं आणि परत यायचं.

दगड मुलाला काय शिकवतो?

शाडूच्या मातीत चूक झाली की चिमूटभर माती वर थापता येते. दगडात तसं नाही. काढलेला तुकडा परत चिकटत नाही. म्हणून हात चालवण्याआधी विचार करावा लागतो. आधी समोरून, बाजूनं, वरून असं तिन्हीकडून चित्र काढायचं, मग दगडावर चौकटी आखायच्या, मग सगळ्यात उंच भाग कुठला राहणार ते ठरवायचं. भूमितीच्या पुस्तकातली समोरची बाजू आणि वरची बाजू इथं हाताला लागते.

दुसरं म्हणजे वेळ. तळहाताएवढं पान कोरायला आठवी-नववीच्या मुलाला चार-पाच तास सहज लागतात. आज सुरू करून आज संपवायची सवय असलेल्या मुलांना हे जड जातं. पण वर्गात मागे बसणारी काही मुलं इथं पुढे येतात, असा हस्तकला शिकवणाऱ्या बऱ्याच शिक्षकांचा अनुभव असतो.

हाताला सोपा, छातीला अवघड

आता मुख्य मुद्दा. दगड किती कडक, यावरून तो मुलांना द्यायचा की नाही हे ठरवलं तर फसगत होते. वालुकाश्म छिन्नीला चांगला लागतो, म्हणून शिकायला सोपा वाटतो. पण तो बनलेलाच असतो मुख्यतः वाळूच्या कणांचा, म्हणजे क्वार्ट्झचा. कोरताना त्याचा भुगा उडतो, त्यातले सगळ्यात बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत आणि श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथं ते राहतात. फुफ्फुसावर व्रण पडत जातात, दम लागायला लागतो, क्षयरोगाचा धोका वाढतो. या आजाराचं नाव सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. लक्षणं बहुधा कैक वर्षांनी दिसतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

हा दूरचा धोका नाही. इंदूरच्या वाचकांना मंदसौर माहीत आहे. आपल्या पिढीनं ज्या पाटीवर अक्षरं गिरवली, तिच्या पेन्सिली मोठ्या प्रमाणात तिथं कापल्या जायच्या. त्या कापताना उडणाऱ्या धुळीनं तिथले कित्येक कामगार ऐन तारुण्यात गेले. शेवटी १९८२ साली मध्य प्रदेशाला पाटी-पेन्सिल कामगारांच्या कल्याणासाठी वेगळा कायदा करावा लागला. पोरांच्या शाळेसाठी लागणाऱ्या वस्तूनंच घरचे कर्ते माणूस नेले.

वडोदऱ्याच्या वाचकांना खंभात जवळचं. तिथं अकीकाचे मणी घासण्याचं काम घराघरांत चालत आलं. त्यामुळे घासणाऱ्यालाच नाही, तर घरातल्या बायकामुलांना आणि शेजाऱ्यांनाही धूळ लागली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं त्याचा अभ्यास केला आहे. शाळेनं यातून शिकायचं ते हे की, ज्या खोलीत दगड कोरला जातो त्या खोलीत बसलेला प्रत्येकजण धूळ खातो, हातात छिन्नी असो वा नसो.

मग कोणता दगड घ्यायचा?

वालुकाश्म आणि ग्रॅनाइट शाळेत नको. ग्रॅनाइट कडकही असतो आणि त्यात क्वार्ट्झही भरपूर असतं. गोकाकचा दगड जवळ मिळतो, ग्वाल्हेरला वालुकाश्म घराबाहेर पडल्याबरोबर दिसतो, तरी मुलांच्या हाती तो द्यायचा नाही. त्याचं काम मोठ्या कारागिराकडून पाहावं, तेही लांबून.

काळ्या पाषाणात मोकळं क्वार्ट्झ फारसं नसतं, पण तो इतका कडक की नवख्याची छिन्नी नुसती घसरते. मूल कंटाळतं.

सोपस्टोन, म्हणजे शंखजिरं असलेला मऊ दगड, नखानंही ओरखडतो. मुलांसाठी हाच उत्तम असं पुष्कळजण सांगतात. पण काही खाणींतल्या सोपस्टोनमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. विकणाऱ्याकडे तपासणीचा कागद नसेल तर घेऊ नये.

मग राहिला चुनखडीचा दगड आणि संगमरवर. आपल्याकडे सहज मिळणारा पर्याय म्हणजे कलबुर्गीकडची शहाबादी फरशी. फरशीवाल्याकडे तुटके तुकडे पडूनच असतात. तिला थर असतात, त्यामुळे उभी मूर्ती होणार नाही, पण अक्षर, पान, मासा, सूर्य-चंद्र असं उथळ कोरीव काम छान होतं. संगमरवराचे तुकडेही चालतात. या दगडांतही थोडीफार सिलिका असू शकते, म्हणून पाणी आणि मास्कचा नियम त्यांनाही लागू.

पायरी-पायरीनं

पाचवी ते सातवीला दगड नकोच. अंगाच्या साबणाची वडी, बोथट चाकू किंवा आइस्क्रीमची काडी, आणि शाडू. एका तासात शाडूचा मासा करायचा, दुसऱ्या तासात तोच साबणातून काढायचा. भर घालून करणं आणि काढून करणं यातला फरक मुलांना दोन तासांत कळतो.

आठवीला प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठोकळा. दुधाच्या रिकाम्या पिशवीत किंवा खोक्यात ओतला की झालं. ओलसर असतानाच कानशीनं आणि जुन्या चमच्यानं तो सुरेख कोरता येतो. एक खबरदारी मात्र हवी. प्लास्टर घट्ट होताना खूप तापतं. त्यात हात बुडवून ठसा घ्यायचा खेळ कधीही करू देऊ नये. इंग्लंडमधल्या एका शाळेत २००७ मध्ये असं करताना एका मुलीची बोटं गमवावी लागली. प्लास्टर शिक्षकांनी कालवायचं आणि ओतायचं, मुलांनी दुसऱ्या दिवशी हात लावायचा.

नववी-दहावीला दगड. तोही आधी नुसती रेघ, मग आपल्या नावाचं पहिलं अक्षर, मग पान किंवा फूल. देव, माणसाचा चेहरा याकडे पहिल्या वर्षी वळू नये. चेहऱ्यात नाक आधी तुटतं आणि मुलाचा धीर त्याच्याबरोबर.

हत्यारं आणि हात

यादी छोटी आहे. टोकदार छिन्नी मोठा भाग काढायला, दातेरी छिन्नी पृष्ठभाग सारखा करायला, चपटी छिन्नी कडा साफ करायला. अर्धा किलोच्या आसपास वजनाची हातोडी. कानस, गुण्या, पेन्सिल आणि शेवटी घासायला वॉटर पेपर, तोही पाणी लावूनच. दगड टेबलावर हलतो, म्हणून खाली वाळू भरलेली गोणपाटाची पिशवी ठेवायची.

दगड घेताना दोन परीक्षा. हातोडीनं हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला, बद्द आवाज आला तर आत भेग असावी. मग दगड भिजवून सुकू द्या. बाकी दगड सुकला तरी भेगेच्या जागी ओली काळी रेघ राहते.

छिन्नी साधारण निम्म्या उतारावर, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या आसपास धरायची. फार उभी धरली तर दगड आतून दुखावतो आणि पांढरा डाग राहतो. फार आडवी धरली तर घसरते. नजर छिन्नीच्या टोकावर ठेवायची, डोक्यावर नाही. नवखं मूल उलटं करतं आणि त्यानंच बोटावर बसते. कडेवर काम करताना घाव आतल्या बाजूला घ्यायचा. बाहेरच्या बाजूला मारला तर कोपराच उडून जातो.

पाळलेच पाहिजेत असे नियम

काम उघड्यावर, पडवीत किंवा झाडाखाली करायचं. वारा पाठीमागून किंवा बाजूनं यावा, दगडावरून तोंडावर नको. दगड सतत ओला ठेवायचा, शेजारी पाण्याची बाटली हवीच. कोरड्या दगडावर काम नाही.

भुगा तोंडानं फुंकायचा नाही, झाडूनं झाडायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसायचा किंवा पाण्यानं धुवायचा. रुमाल बांधून उपयोग नाही, त्यातून बारीक कण आरपार जातात. चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि तो पाण्याच्या जोडीला, पाण्याऐवजी नव्हे.

डोळ्यांवर बाजूनं बंद असलेला गॉगल. साधा चष्मा पुरत नाही. अयोध्येतल्या रामलल्लाची मूर्ती घडवणारे म्हैसूरचे अरुण योगीराज पिढीजात शिल्पकार आहेत. त्या कामाच्या वेळी दगडाची कपची डोळ्यात जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं होतं. मुरलेल्या हाताला हे होऊ शकतं, तर शिकाऊ पोरांची काय कथा.

पायात बंद बूट, चप्पल नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का ते आधी विचारायचं. दमा असलेल्या मुलाला दगडाऐवजी मातीचं काम द्यायचं आणि ते कमीपणाचं वाटू द्यायचं नाही. एका शिक्षकामागे आठ-दहापेक्षा जास्त मुलं नकोत. आणि विजेचा ग्राइंडर शाळेच्या आवारात आणायचा नाही, प्रात्यक्षिकालाही नाही. छिन्नीनं तासाभरात उडेल त्यापेक्षा जास्त धूळ तो काही मिनिटांत उडवतो.

शिकवणार कोण?

चित्रकलेच्या बहुतेक शिक्षकांनी दगड कधी कोरलेला नसतो. ज्यांनी कोरला आहे ते गावातच असतात. वडार आणि पाथरवट समाजातल्या लोकांनी विहिरी, बांध, वाडे, देवळं उभी केली. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना दुपारच्या वेळी गल्लीत येणारी "जात्याला, पाट्याला टाकी लावायची का?" ही हाक आठवत असेल. मिक्सर आला आणि हाक बंद झाली.

या माणसांना शाळेत बोलवायचं तर शिक्षक म्हणून बोलवावं. 'अहो' म्हणून बोलवावं, खुर्ची द्यावी, फळ्यावर नाव लिहावं आणि दिवसाचं मानधन आधी ठरवून द्यावं. शाल-श्रीफळ देऊन बोळवण करू नये. सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. हाच समाज कर्नाटकात भोवी-वड्डर म्हणून अनुसूचित जातींत आहे, तर महाराष्ट्रात वडार विमुक्त जातींत मोडतात. रेषेच्या अलीकडे-पलीकडे कागद वेगळे, पण हातातलं कसब एकच. याच समाजातली पोरं वर्गात बसलेली असतात. आपल्या आजोबांना फळ्यासमोर उभं राहून शिकवताना पाहणं हे त्यांच्यासाठी कोणत्याही भाषणापेक्षा मोठं आहे.

एक अडचण मात्र येईल. जुन्या कारागिराला मास्क आणि पाणी नको असतं. "आम्ही आयुष्यभर असंच केलं," असं ते म्हणतील. अशा वेळी वाद न घालता नियम सगळ्यांना सारखा ठेवायचा. मास्क पाहुण्यांनाही द्यायचा. त्यांची छाती तपासलेली नसेल तर सरकारी दवाखान्यात एक्स-रेची सोय करून देणं ही शाळेकडून छोटी परतफेड होईल.

शिक्षण कुठे संपतं, मजुरी कुठे सुरू होते?

बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्याला शाळेनंतर हातभार लावायला सूट आहे, पण धोक्याच्या कामाला ती सूट नाही. म्हणून शाळेनं मुलांना खाणीवर किंवा क्रशरवर 'अनुभव' घ्यायला पाठवू नये.

पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. मुलानं केलेली वस्तू कोणी विकतंय का? किती तुकडे पुरे करायचे हे दुसरं कोणी ठरवतंय का? मुलाला कंटाळा आला तर थांबता येतं का? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' किंवा तिसऱ्याचं 'नाही' आलं, तर ते शिक्षण राहिलेलं नाही.

पुढे वाट आहे का?

शंभरातल्या एखाद्याला यात खरंच गोडी लागेल. त्याच्यासाठी वाटा आहेत. वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा, मुंबईचं जे. जे., पणजीचं गोवा कला महाविद्यालय इथं शिल्पकला शिकता येते. परंपरागत पद्धतीनं शिकायचं तर उडुपी जिल्ह्यात कारकळजवळ मियार इथं सी. ई. कामत संस्था आहे, आणि तमिळनाडूत मामल्लपुरमचं शिल्प महाविद्यालय आहे. घरचाच धंदा असेल तर अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकार आणि दगड घडवणारे येतात. त्यात प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचं कर्ज आहे.

बाकीचे नव्व्याण्णव शिल्पकार होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत. पण त्यातलं कोणी उद्या इंजिनिअर होईल, कोणी ग्रामपंचायतीत निवडून येईल, कोणी खाणीचा मालक होईल. पाणी मारल्याशिवाय दगड कापू नये, हे त्याला दहावीतच कळलेलं असेल. आपल्या भागातल्या क्रशरवर आणि मूर्तिशाळांत आजही रुमाल बांधून काम करणाऱ्यांसाठी एवढंही थोडं नाही.

आपण म्हणतो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ते घाव दगडानं सोसायचे आहेत, पोरांच्या छातीनं नव्हे. येत्या शनिवारी तुमच्या शाळेला सुरुवात करायची असेल तर साबणाची एक वडी आणि गावातल्या वीरगळीची एक फेरी, एवढ्यावर करता येईल. दगड पुढच्या वर्षी आणला तरी चालेल.